आधी मोजा, मग इंजेक्टर बदला

गाडीची ताकद वाढवून घेण्याची हौस आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. आधी टर्बो गाडीचा मॅप बदलून घ्यायचा, मग मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, मोकळा सायलेन्सर, अशी ही हौस पायरी-पायरीने वाढत जाते. पुढे एक दिवस गाडी जोरात पळवली की झटके देऊ लागते, घाटात दम तोडते, नाहीतर मागून काळा धूर सोडते. अशा वेळी गॅरेजमध्ये बरेचदा एकच औषध सुचवले जाते : इंजेक्टर छोटे पडतायत, मोठे टाकून घ्या. मालक पैसे मोजतो, इंजेक्टर बदलले जातात आणि पुष्कळदा मूळ तक्रार तशीच राहते. वर नव्या तक्रारी सुरू होतात.

रक्तदाब न मोजता गोळीचा डोस वाढवणाऱ्या डॉक्टरकडे कोणी पुन्हा जाणार नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र न मोजता डोस वाढवण्याला अनुभव म्हटले जाते. हा प्रश्न फक्त हौशी मालकाच्या खिशाचा असता तर आरोग्याच्या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण जास्तीचे इंधन अर्धवट जळते आणि त्याचा धूर गाडीत बसलेल्याच्या नव्हे, तर मागच्या दुचाकीस्वाराच्या, सिग्नलवरच्या फुलवालीच्या आणि दिवसभर त्या गाडीच्या मागे वाकून उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या छातीत जातो. म्हणून इंधनाचे माप अंदाजाने ठरवायचे की मोजून, हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.

मुळात इंजेक्टर ताकद निर्माण करत नाही. ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर. टर्बोचार्जर हवा दाबून भरतो. बाहेरच्या दाबापेक्षा १ बार जास्त दाब दिला आणि हवा नीट थंड करून घेतली, तर सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा मावते. त्या हवेला पुरेल एवढे पेट्रोल वेळेत पोहोचवणे, एवढेच इंजेक्टरचे काम. साध्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. टर्बो पूर्ण जोरात असताना पिस्टन आणि व्हॉल्व्ह फार तापू नयेत म्हणून मुद्दाम थोडे जास्त पेट्रोल देतात आणि हे प्रमाण साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान ठेवतात. याहून बरेच कमी पेट्रोल मिळाले तर मिश्रण ‘लीन’, बरेच जास्त मिळाले तर ‘रिच’. दोन्ही टोके वाईट.

मग इंजेक्टर केवढा हवा? याला अंदाजाची गरज नाही, शाळेतले गणित पुरते. उदाहरणादाखल २००४ मध्ये भारतात आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घेऊ. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती. हौशी मंडळींमध्ये ही गाडी आजही प्रिय आहे. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीमागे ताशी साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, तर १५० अश्वशक्तीला ताशी साडेचाळीस किलो पेट्रोल हवे. त्याचे मिनिटाला सुमारे ९०६ सीसी होतात. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी साधारण २२७ सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. उपलब्ध वेळेच्या ८० टक्क्यांपर्यंतच तो उघडा असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून २२७ ला ०.८ ने भागायचे. उत्तर येते सुमारे २८३. म्हणजे मिनिटाला २८० सीसीच्या आसपासचा इंजेक्टर.

आता हीच गाडी २२० अश्वशक्तीवर न्यायची आहे. तोच हिशेब केला की पेट्रोल मिनिटाला सुमारे १,३३० सीसी आणि इंजेक्टर सुमारे ४१५ सीसीचा लागतो. यात कसलेही गूढ नाही. कागदाच्या चिठोऱ्यावर दोन मिनिटांत होणारे हे गणित केल्याशिवाय इंजेक्टरची खरेदी होता कामा नये. तरीही ‘पुढे कधी ताकद वाढवायची झाली तर’ म्हणून ४१५ च्या जागी थेट १,००० सीसीचे इंजेक्टर गळ्यात मारले जातात.

मोठा घेतला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. बिघडते ते गाडी हळू चालताना. आयडलिंगला, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, एका सिलिंडरचे एक चक्र १५० मिलिसेकंदांत होते आणि त्यात मूळ इंजेक्टर जेमतेम तीन मिलिसेकंद उघडतो. त्यातलाही साधारण एक मिलिसेकंद सुई जागची हलण्यातच जातो. प्रत्यक्ष पेट्रोल पडते दोनच मिलिसेकंद. साडेतीन पट मोठ्या इंजेक्टरला तेवढेच पेट्रोल द्यायला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. एवढ्या कमी वेळात त्याचे माप दरवेळी सारखे येईलच असे नाही. शिवाय सुई उघडायला लागणारा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो. हेडलाइट आणि एसी लावला की गाडी डुगडुगते ती यामुळेही. चांगल्या बनावटीचा मोठा इंजेक्टर हे सांभाळू शकतो, पण त्याची पूर्ण मोजमापे कॉम्प्युटरमध्ये भरली असतील तरच. नाव-गाव नसलेल्या स्वस्त इंजेक्टरबरोबर ही मोजमापे येत नाहीत. आणि शहरातल्या गाडीचा बराचसा वेळ आयडलिंगला आणि संथ रहदारीतच जातो. म्हणजे चार सेकंदांच्या पिकअपसाठी घेतलेला इंजेक्टर उरलेला तासभर रिच मिश्रण जाळत राहण्याची शक्यता असते.

दुसरा मुद्दा दाबाचा. इंजेक्टरवर लिहिलेला आकडा ठरावीक दाबाला, बहुतेकदा ३ बारला मोजलेला असतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब ३ वरून ४ बार केला तर प्रवाह सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी वाढतो. ३६० सीसीचा इंजेक्टर ४१५ सीसीचे काम करू लागतो. पण हे उलटेही होते. टर्बोने इंजेक्टरच्या तोंडाशी १ बारचा दाब निर्माण केला आणि पेट्रोलचा दाब त्याबरोबर वाढला नाही, तर प्रत्यक्ष फरक ३ ऐवजी २ बारच राहतो आणि प्रवाह १८ टक्क्यांनी घटतो. ऐन गरजेच्या वेळी इंजेक्टर छोटा पडतो आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. दोष असतो रेग्युलेटरचा किंवा पंपाचा. २२० अश्वशक्तीला लागणारे पेट्रोल ताशी ८० लिटर होते. त्या गतीने ५५ लिटरची टाकी पाऊण तासाच्या आत रिकामी होईल. एवढे पेट्रोल ४ बारच्या दाबाला देण्याची पंपाची कुवत आहे का, हे इंजेक्टरच्या आधी बघायचे असते.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभरात मिळते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एका किलोला साधारण ९ किलो. त्यामुळे मिश्र पेट्रोलचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. याचा सरळ अर्थ असा की, तेवढ्याच हवेसाठी साधारण ७ ते ८ टक्के जास्त इंधन ओतावे लागते. जुन्या पेट्रोलवर ८० टक्के उघडा राहणारा इंजेक्टर आता ८६ टक्क्यांवर जातो. ज्यांनी काही वर्षांपूर्वी काठोकाठ हिशेब करून गाडी ट्यून करून घेतली, त्यांची राखीव क्षमता संपलेली असू शकते. परदेशातल्या गाड्यांसाठी बनवलेला मॅप इथे जसाच्या तसा चढवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यायला हवे.

हे झाले मापाचे. निदानाची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण इथे यंत्रही फसते. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये खराब प्लग किंवा कॉइलमुळे ठिणगीच पडली नाही, तर न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात. सेन्सरला दिसतो फक्त ऑक्सिजन. तो ‘लीन’ असे सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येत असताना स्कॅनरवर मात्र ‘मिश्रण लीन’ असे दिसते. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड गळत असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच घोटाळा होतो. अशा गाडीत मोठे इंजेक्टर टाकणे म्हणजे जुलाब झालेल्याला जुलाबाचेच औषध देणे.

उलट प्रकारही आहे. हवा मोजणारा सेन्सर पुढे असतो आणि टर्बोनंतरची रबरी नळी कुठेतरी फाटलेली किंवा क्लिप ढिली असते. मोजलेली हवा वाटेतच निसटते, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडते. गाडी जोरात पळवली की काळा धूर आणि पिकअप गायब. दुरुस्ती एका क्लिपची असते, बिल मात्र इंजेक्टरचे होते.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी प्लग, कॉइल, हवेच्या नळ्या आणि सायलेन्सरचे जोड. मग स्कॅनर लावून कॉम्प्युटर स्वतःहून पेट्रोलमध्ये किती दुरुस्ती करतो आहे ते बघायचे. ही दुरुस्ती पाच टक्क्यांच्या आत असेल तर काळजीचे कारण नाही. आयडलिंगला ती खूप जास्त आणि वेग वाढवल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी चोरटी हवा शिरते आहे. भार वाढेल तशी दुरुस्ती वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवेचा सेन्सर चुकीचे सांगतो आहे. मग प्रेशर गेज लावून पूर्ण भारावर पेट्रोलचा दाब टिकतो का ते पाहायचे. दाब पडत असेल तर फिल्टर, पंप आणि पंपापर्यंत पोहोचणारे व्होल्टेज. दाब टिकत असेल आणि तरीही मिश्रण लीन असेल, तर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावायचे आणि चारही नळ्यांतली पातळी सारखी येते का ते बघायचे. इंजेक्टरवर संशय घ्यायची पाळी इथे, सर्वांत शेवटी येते. पूर्ण भारावरचे मिश्रण मोजायला गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर अनेकदा पुरत नाही, वाइडबँड सेन्सर लागतो. आणि हे मोजमाप डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर व्हावे. रात्री द्रुतगती मार्गावर लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडी पिळणे हा तपासणीचा नव्हे, अपघाताचा मार्ग आहे.

न मोजण्याची किंमत कोण देते? मिश्रण फार लीन झाले आणि इंजिन नॉकिंग करू लागले तर पिस्टन वितळतो, रिंगा तुटतात. ही किंमत मालक देतो. मिश्रण फार रिच झाले तर मात्र किंमत वाटली जाते. अर्धवट जळालेल्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शटर अर्धे ओढून आत गाडी चालू ठेवणाऱ्या गॅरेजमध्ये डोके दुखणे, मळमळणे याला ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सोडून दिले जाते. तो विषबाधेचा पहिला इशारा असू शकतो. चालू गाडीच्या सायलेन्सरला नळी लावून धूर बाहेर सोडण्याची सोय फार खर्चाची नाही, तरी ती अनेक ठिकाणी नसते. न जळलेल्या पेट्रोलबरोबर बेंझिन येते आणि बेंझिनमुळे माणसांत कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. जास्तीचे पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटले की तो आतून वितळतो. त्यानंतर ती गाडी साध्या चालीतही विषारी वायू गाळल्याविना सोडते.

डिझेलमध्ये हे डोळ्यांना दिसते. डिझेल इंजिनाला हवेपेक्षा जास्त इंधन दिले की काळा धूर निघतो आणि काही जण तो ताकदीची खूण म्हणून मिरवतात. खरे तर तो न जळलेला, म्हणजे वाया गेलेला कार्बन असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसांत निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात केला. असा धूर वाढवून वर काजळी अडवणारा फिल्टर काढून टाकणे याला हौस म्हणता येणार नाही.

डिझेलच्या इंजेक्टरचा आणखी एक धोका मेकॅनिकच्या हाताला आहे. कॉमन रेलमधला दाब १,६०० बार आणि त्याहूनही जास्त असतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या सातशे पटींहून अधिक. चालू इंजिनावर गळती शोधताना बोट फिरवले तर सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. पण आत डिझेल पसरलेले असते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागू शकते. गळती पुठ्ठ्याने शोधावी. टोचले असे वाटले तर हळद न लावता थेट रुग्णालय गाठावे आणि ‘जास्त दाबाचे डिझेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

या सगळ्याला गॅरेजवाल्यांचे उत्तर ठरलेले असते. वर्षानुवर्षे कानाने इंजिन ओळखणाऱ्याला यंत्रे कशाला, आणि गिऱ्हाईक मोजणीचे पैसे देत नाही. यातला दुसरा भाग खरा आहे. गिऱ्हाईक सुट्या भागाचे बिल देतो, निदानाचे देत नाही. त्यामुळे भाग बदलणे हाच धंदा होतो. पहिला भाग मात्र अर्धाच खरा. चांगल्या मिस्त्रीचा कान कुठे शोधायचे ते सांगतो आणि ते कौशल्य मोलाचे आहे. पण दाब ३ बार आहे की २.४ हे कोणत्याही कानाला कळत नाही. स्टेथोस्कोप आहे म्हणून कोणी रक्त तपासणे बंद केले नाही.

सरकारी यंत्रणेचा डोळा तर याहून मंद. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी गाडी उभी असताना, इंजिनावर भार नसताना होते. तेव्हा टर्बो जवळजवळ निजलेला असतो. पूर्ण जोरात मिश्रण बिघडलेली गाडी या चाचणीत सहज पास होऊ शकते. दुसरीकडे कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. नियमबाह्य बदलाबद्दल कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा सरसकट मनाई करतो, चाचणीला काही दिसत नाही आणि मधल्या अंधारात धंदा चालू राहतो.

हा अंधार कमी करायचा तर तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, जिची ताकद कागदावर किंवा उघडपणे वाढवली आहे अशा गाडीची तपासणी भार देऊन व्हावी. वाहन संशोधनाची एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, अशी चाचणी आखणे अवघड नाही. दुसरी, ज्यांना खरोखर वेगाची हौस आहे त्यांच्यासाठी बंद ट्रॅक आणि अधिकृत स्पर्धा सुलभ व्हाव्यात आणि स्पर्धेची गाडी रस्त्यावर येऊ नये. तिसरी आणि आजच करता येण्यासारखी गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातात आहे. इंजेक्टर बदलायला सांगणाऱ्याला चार आकडे कागदावर मागायचे : पूर्ण भारावर पेट्रोलचा दाब किती, हवा-इंधनाचे प्रमाण किती, इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो, आणि टेस्ट बेंचवर चौघांचे माप किती आले. हे आकडे देणाऱ्याला मोजणीची मजुरी खुशीने द्यावी. जो देऊ शकत नाही, त्याच्याकडून निदान इंजेक्टर तरी घेऊ नयेत.